डोंगराच्या पोटातले पाणी

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा जिल्हा सरकारदरबारी आणि लोकांच्या मनातही अवर्षणाचा जिल्हा म्हणून नोंदला गेलेला आहे. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड ही नावे उच्चारली की दुष्काळी कामे, तगाई, गुरांच्या छावण्या आणि पाण्याचे टँकर हीच मालिका डोळ्यांपुढे उभी राहते, आणि जिल्ह्याच्या पावसाची वार्षिक सरासरी सहाशे मिलिमीटरांच्या आतच असल्यामुळे हा लौकिक अनाठायी आहे असेही म्हणता येत नाही. परंतु सरासरी हे प्रकरण मोठे फसवे असते. याच जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीवर, अकोले तालुक्याचा जो भाग सह्याद्रीच्या कण्याला टेकलेला आहे आणि ज्याला तिकडची माणसे डांगाण म्हणतात, तेथे घाटघरासारख्या गावी काही वर्षी पाच हजार मिलिमीटरांच्याही पलीकडे पाऊस पडतो; आणि तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही दूर नसलेल्या अकोले गावी त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पदरात पडतो.

हा पाऊस १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात साठतो, प्रवरेच्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसापर्यंत पोहोचतो आणि शेवटी साखर होऊन बाजारात जातो. त्यामुळे खालच्या मुलखातील माणूस डांगाणातल्या पावसाकडे पाहतो तो धरण किती भरले या एकाच हिशेबाने. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या उतारांवर वाड्या करून राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचा हिशेब मात्र निराळा आहे. त्यांची भातखाचरे त्याच पावसावर पिकतात, तेलकट कातडीची त्यांची डांगी जनावरे त्याच पावसात दिवसचे दिवस उभी राहतात, आणि घरामागचा डोंगरही तोच पाऊस पोटात घेत असतो. दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावाएवढ्या संहाराची नोंद नगर जिल्ह्याच्या नावे नाही, हे खरे; पण माळीण ज्या सह्याद्रीच्या ओळीत आहे तिच्याच उत्तरेकडच्या भागात हरिश्चंद्रगड उभा आहे, खडक त्याच जातीचा आहे, पाऊसही तोच आहे, आणि ज्या कल्याण-नगर रस्त्याने घाटावरचा माल खाली उतरतो त्या रस्त्यावरच्या माळशेज घाटात दरड आली नाही असा पावसाळा विरळा.

२००५ पासूनच्या दरडींच्या काही मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एका ओळीत मांडून पाहिल्या तर एक गोष्ट सहज लक्षात येते. महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या त्या २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात. आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर आला तो ३० जुलै २०१४ च्या सकाळी. चाळीसहून अधिक घरे आणि दीडशे माणसे त्याखाली गेली, आणि गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर नेली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. च्या चालकाने. महाडचे तळीये आणि पाटणचे आंबेघर २२ जुलै २०२१ चे. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. तेथे सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पुनर्वसूचा तरणा पाऊस सरत आलेला असतो आणि पुष्याचा म्हातारा पाऊस लागण्याच्या बेतात असतो किंवा लागलेला असतो, अशा दिवसांतल्या. मृगाचा पाऊस कितीही धो धो कोसळला तरी डोंगर सहसा हलत नाही. मग पुष्यातच त्याला काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर आभाळाकडे पाहणे सोडून जमिनीच्या आत उतरले पाहिजे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. पश्चिम घाटातील या प्रवाहांचे भूवैज्ञानिकांनी जे उपगट पाडले आहेत त्यांतल्या सर्वांत जुन्या, तळच्या उपगटाला त्यांनी कळसूबाईचेच नाव दिले आहे, ही गोष्ट नगरकरांना फारशी ठाऊक नसते. हे प्रवाह सगळे एका जातीचे नाहीत. काही घट्ट, काळे, उभ्या सांध्यांनी चिरलेले. त्यांचे कातळकडे होतात. काही मात्र थिजताना वायूचे बुडबुडे पोटात राहिल्याने सच्छिद्र झालेले, आणि मागाहून त्या छिद्रांत पांढरी स्फटिकद्रव्ये भरून आलेले. हे लवकर कुजतात, त्यांचा मुरूम होतो आणि मुरुमाची चिकण माती होते. दोन प्रवाहांच्या दरम्यान पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. घट्ट खडकाच्या उभ्या सांध्यांतून पाणी झरझर खाली येते, या तांबड्या थरावर किंवा कुजलेल्या खडकातल्या चिकण मातीवर पोचले की अडते, आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या अंगावर जेथे तो थर उघडा पडला असेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते.

आता वस्ती कोठे होते ते पाहावे. उभ्या कड्यावर कोणी घर बांधीत नाही. मऊ थर जेथे झिजून माचीसारखी सपाटी झालेली असते, वरच्या कड्याची शतकानुशतके पडलेली दगडमाती जेथे साठून जमीन खोल झालेली असते, आणि जेथे उन्हाळ्यातही झरा आटत नाही, तेथेच माणूस वाडी वसवतो; कारण भाताला माती लागते आणि माणसाला पाणी. म्हणजे वस्तीला योग्य म्हणून शहाणपणाने निवडलेली जागा बहुधा पूर्वी केव्हातरी कोसळलेल्या दरडींच्या राशीवर असते, आणि झरा ही तर डोंगराच्या पोटातले पाणी याच पातळीला साठते याची उघड खूण असते. दुर्घटना झाली की शहरातला वाचक विचारतो, ही माणसे असल्या जागी राहतातच कशाला? ज्या गुणांसाठी ती तेथे राहिली त्याच गुणांनी ती जागा धोक्याची झाली आहे, हे त्याचे उत्तर आहे; आणि अडाणीपणाचा आरोप करणाऱ्यांनी ते आधी समजून घ्यावे.

दरड का कोसळते याविषयी सर्वसाधारण समजूत अशी की पाण्याने माती जड होते, ओझे सोसवत नाही आणि ती घसरते. ही समजूत इतकी सरसकट आहे की शाळेच्या वर्गातही ती आढळते. पण थोडे गणित केले तर ती टिकत नाही. उतारावरील मातीचा दोन मीटर जाडीचा थर घेऊ आणि त्यातला एक चौरस मीटरचा ठोकळा मनाने वेगळा काढू. उतार तीस अंशांचा. कोरडा असताना या ठोकळ्याचे वजन सुमारे ३.२ टन भरेल, त्यातले १.६ टन त्याला उताराच्या दिशेने खाली ओढतील, आणि सुमारे २.८ टन त्याला खालच्या कातळावर दाबून धरतील. या दाबामुळे जे घर्षण उत्पन्न होते ते मातीच्या जातीवर अवलंबून असते. खडबडीत दगडमातीत ते दाबाच्या सुमारे सात दशांश धरायला हरकत नाही, म्हणजे जवळजवळ १.९ टन. ओढ १.६, अडवणूक १.९; ठोकळा जागेवर राहतो. आता हाच ठोकळा भिजून ४ टनांचा झाला असे समजा. ओढ वाढून २ टन होईल. पण कातळावरचा दाबही त्याच प्रमाणात वाढून साडेतीन टनांच्या जवळ जाईल आणि घर्षण २.४ टनांवर. वजन दोन्ही पारड्यांत सारखेच पडते. नुसत्या ओझ्याने डोंगर कोसळत असता तर जाड मातीचे उतार कोरड्या दिवसांतही उभे राहिले नसते.

खरी गोम आहे ती कणांच्या मधल्या पोकळीत. माती म्हणजे कण आणि कणांमधली जागा. ही जागा पाण्याने पुरती भरली आणि त्या पाण्याला निघून जायला वाट उरली नाही, की पाण्याला स्वतःचा दाब येतो. हा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, म्हणून तो वरच्या मातीला खालच्या कातळापासून उचलून धरू लागतो. आपल्या ठोकळ्याच्या तळाशी, थर पृष्ठभागापर्यंत भरून पाणी उताराला समांतर वाहत असेल तर, हा उचल-दाब सुमारे १.७ टन येतो. साडेतीन टनांतून तो वजा करा. कण कणाला खरोखर दाबून धरीत आहेत तो दाब उरतो केवळ १.७ ते १.८ टन, आणि घर्षण उतरते सव्वा टनाच्या आसपास. ओढ २ टन, अडवणूक सव्वा टन. झाडांच्या मुळ्यांनी किंवा चिकण मातीच्या चिकटपणाने उरलेला पाऊण टन भरून काढला तर ठीक, नाही तर ठोकळा निघाला. याच हिशेबाने, ज्या दगडमातीचा कोरडा ढीग ३५ अंशांच्या उतारावर उभा राहू शकतो ती पूर्ण भिजून आतून वाहती झाली की २० अंशांवरही उभी राहत नाही.

घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते हा नियम मातीच्या बाबतीत मांडणारा कुलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता होता. किल्ल्यांच्या भिंतींमागची माती भिंतीला किती रेटते याचा छडा लावता लावता त्याने १७७० च्या दशकात तो लिहून काढला. पण पाण्याचा दाब त्यातून वजा करायचा असतो हे ध्यानात यायला दीडशे वर्षे जावी लागली. इस्तंबुलात अध्यापन करीत असताना कार्ल टेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने साध्यासुध्या उपकरणांवर प्रयोग करून ते सिद्ध केले आणि १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच सुमारास भंडारदऱ्याची भिंत शेवटच्या हातावर आली होती. दगडी धरणे बांधणाऱ्यांना या उचल-दाबाचा धडा आधीच मिळालेला होता. १८९५ साली फ्रान्समधील बूझे येथील धरण फुटले ते भिंतीत शिरलेल्या पाण्याने तिला वर उचलल्यामुळे, आणि तेव्हापासून धरणाचे गणित करताना हा दाब हिशेबात धरला जाऊ लागला. भंडारदऱ्याच्या भिंतीलाही १९६९ साली भेगा पडून गळती लागली आणि पुढे आधारभिंती देऊन तिला बळकट करावे लागले. धरणाच्या पायथ्याला उभे राहून समोरच्या डोंगराकडे पाहिले तर दोन्हीकडे एकच झुंज चाललेली आहे; फरक इतकाच की धरणाच्या भिंतीत पाणी काढून देण्यासाठी मोऱ्या ठेवता येतात आणि तिची रोज तपासणी होते.

आता पुष्याच्या प्रश्नाकडे वळू. ओलसर वाळूचा खोपा करणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते की कोरडी वाळू उभी राहत नाही, ओलसर राहते, आणि ओंजळभर पाणी जास्त झाले की खोपा बसतो. थोडे पाणी कणांच्या सांध्यांना चिकटून राहते आणि त्यांना एकमेकांकडे खेचते. हे पाणी मातीचे मित्र असते. मृगाच्या आधी, वैशाखाच्या उन्हाने तडकलेल्या जमिनीत पहिला पाऊस शिरतो तो पुष्कळसा ही तहान भागवण्यातच खर्च होतो. आर्द्रा आणि पुनर्वसू या दोन नक्षत्रांत तहान भागते, खेच नाहीशी होत जाते, आणि माती व कातळ यांच्या सांध्यावर तात्पुरते पाणी साठू लागते. एवढी पूर्वतयारी झाल्यावर एखाद्या रात्री जो मोठा पाऊस येतो, त्याला मातीत शिरायला रिकामी जागाच उरलेली नसते. त्याचा प्रत्येक थेंब दाब होऊन तळापर्यंत पोचतो. म्हणून तोच शंभर मिलिमीटर पाऊस जूनच्या दहा तारखेला निरुपद्रवी असतो आणि जुलैच्या पंचविसाव्या तारखेला प्राणघातक ठरतो. जाड थरात हा दाब खालपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर काही तासांनीही डोंगर सुटू शकतो. उघडीप पडली म्हणून माघारी घरी जाणे हे त्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे.

एकदा सुटल्यावर तो थांबत का नाही, हेही याच सूत्रात आहे. सैल दगडमाती हलताच तिची घडण मोडते, कण अधिक जवळ सरकू पाहतात आणि मधले पाणी कोंडले गेल्याने त्याचा दाब क्षणार्धात वाढतो. कण एकमेकांना टेकणेच जवळजवळ बंद होते आणि घनरूप डोंगर द्रव होऊन वाहू लागतो. म्हणून पळायला सवड मिळत नाही.

किती पावसाला उतार सुटतो, याचा आकडा सांगता येईल काय? नेल केन या संशोधकाने १९८० साली जगभरातील घटना गोळा करून पावसाची तीव्रता आणि त्याचा कालावधी यांची एक सांगड घातली. तिच्याप्रमाणे चोवीस तासांत सुमारे १०३ मिलिमीटर किंवा तीन दिवसांत सुमारे २०० मिलिमीटर ही खालची मर्यादा येते. माळीणला आदल्या दिवशी पडलेल्या पावसाचा आकडा १०८ मिलिमीटर सांगितला जातो, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही वाटावे की प्रश्न सुटला. पण घाटघराला एका पावसाळ्यात असे दिवस कितीतरी येतात, आणि त्या प्रत्येक दिवशी कळसूबाई खाली येत नाही! उताराला आपल्या पावसाची सवय झालेली असते. जेथे हजारो वर्षे असाच पाऊस पडत आला, तेथे सुटण्यासारखे होते ते बहुतेक सुटून गेले आहे आणि पाण्याने आपल्या वाटा कोरून घेतल्या आहेत. अशा ठिकाणी संकट येते ते त्या जागेच्या मानानेही असामान्य पाऊस झाला तर, जसा २२ जुलै २०२१ च्या अहोरात्रात महाबळेश्वरला जवळजवळ ५९४ मिलिमीटर झाला. उलटपक्षी हरिश्चंद्रगडाची आणि बाळेश्वराची रांग पूर्वेकडे कोतूळ, संगमनेरच्या दिशेने जेथे उतरत जाते, तेथील उतारांना मोठ्या पावसाची सवय नाही. घाटघरातला एक सामान्य दिवस तिकडे सरकला तर तो तेथे असामान्य ठरेल. पश्चिमेच्या गावांची चिंता सगळे करतात. माझ्या मते या मधल्या पट्ट्याची अधिक केली पाहिजे.

झाडे तोडल्याने दरडी येतात, हे विधान अर्धे खरे आहे. मुळ्या मातीला शिवून धरतात, आणि आपल्या ठोकळ्याला कमी पडणारा पाऊण टन बहुधा त्याच पुरवतात. पण त्या एक-दोन मीटरांपलीकडे फारशा जात नाहीत, आणि दहा मीटर जाडीची दगडरास सुटली तर झाडेही तिच्याबरोबर उभीच्या उभी खाली येतात. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापणे हे झाडे तोडण्यापेक्षा वाईट, कारण वरच्या मातीचा टेकूच त्याने जातो. माळीणनंतर पडकई योजनेतील यंत्रांकडे पुष्कळांनी बोट दाखवले. पडकई ही मुळात आदिवासींची एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची रीत, तिच्याच नावाने खाचरे काढण्याची सरकारी योजना आली आणि तीत यंत्रे शिरली. खाचर पाणी अडवण्यासाठीच असते, तेव्हा सैल राशीवर काढलेले खाचर त्या राशीला पाणी पाजते हे नाकारता येत नाही. तथापि इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताही नव्हता, पायवाटेने डोंगर चढून जावे लागे. तेथे कोणत्या यंत्राला दोष द्यायचा? निसर्गाने घडवलेला उतार माणसाचा हात न लागताही कोसळतो, आणि प्रत्येक पंचनाम्यात गुन्हेगार सापडलाच पाहिजे हा हट्ट योग्य नव्हे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातील दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणावर तयार केले आहेत, आणि १९ जुलै २०२४ रोजी कोलकात्याला दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्रही सुरू झाले. काम मोठे आहे. पण या प्रमाणात शंभर मीटर रुंदीची वाडी नकाशावर दोन मिलिमीटरांची होते; नकाशा डोंगर दाखवतो, घर दाखवीत नाही. हाँगकाँगने १९७२ च्या जूनमध्ये एकाच दिवशी दोन दरडींत शंभराहून अधिक माणसे गमावली, १९७६ मध्ये पुन्हा आघात सोसला, आणि १९७७ साली केवळ उतारांची निगा राखणारे स्वतंत्र खाते काढून पर्जन्यमापकांच्या आकड्यांवरून इशारे द्यायला आरंभ केला. परंतु ते लहानसे शहर आहे आणि त्याच्या प्रत्येक उताराला क्रमांक देता येतो. सह्याद्रीत हे साधणार नाही. येथे वाडीतल्या माणसाच्या डोळ्यांवरच बरीचशी भिस्त ठेवावी लागेल.

त्या डोळ्यांना पुष्कळ दिसते. नितळ झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा भर पावसात अचानक आटतो, म्हणजे आतल्या पाण्याने वाट बदललेली असते. नवीनच ठिकाणी पाझर फुटतो. झाडे आणि विजेचे खांब कलतात. घराची चौकट तिरपी होऊन दार लागेनासे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उताराच्या माथ्यावर आडवी, कमानीसारखी भेग पडते. ही भेग म्हणजे ठोकळा सुटू लागल्याची निशाणी, आणि पावसाला थेट तळापर्यंत जाण्याची सोपी वाटही. सातबाऱ्यावर क्षेत्राला जागा आहे, पिकाला आहे, विहिरीला आहे, कर्जाच्या बोजालाही आहे. उतारावरच्या भेगेसाठी रकाना नाही, आणि तो का नसावा हे मला कळत नाही. भेग मोजायला लागते काय? तिच्या दोन्ही काठांना एकेक खुंटी आणि एक मोजपट्टी. आर्द्रापासून आश्लेषा सरेपर्यंत कोणीतरी रोज सकाळी ते अंतर मोजून तलाठ्याच्या दप्तरी लिहावे, शेजारी गेल्या तीन दिवसांच्या पावसाची बेरीज मांडावी, आणि दोन्ही आकडे एकदम वाढू लागले तर अंधार पडण्यापूर्वी वाडीने डोंगराच्या वाटेतून बाजूला असलेल्या शाळेत किंवा देवळात मुक्कामाला जावे.